गिरमिट : तोताराम सनाढ्यांच्या आत्मकथनातील संमतीचा प्रश्न

तोताराम सनाढ्य ह्यांचे 'फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष' हे हिंदी पुस्तक १९१४ साली प्रसिद्ध झाले. साखरेच्या मळ्यांवर राबण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर परद्वीपी नेण्याच्या पद्धतीविरुद्ध त्या सुमारास जे लोकमत तयार होत होते, त्याला ह्या पुस्तकाने मोठेच बळ दिले. परंतु एखादे पुस्तक चळवळीच्या कामी आले, म्हणजे चळवळ संपताच त्याचेही कार्य संपले असे मानण्याची अभ्यासकांना सवय असते. सनाढ्यांच्या पुस्तकाचे तसेच झाले. त्यातील माहिती इतिहासकारांनी वेचून घेतली. ती माहिती कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्रमाने सांगितली गेली, ह्याकडे फारसे लक्ष गेले नाही. वस्तुतः माणूस वेठीच्या कामात अडकतो कसा, ह्या प्रश्नाचे ह्या पुस्तकातील उत्तर त्याच्या माहितीपेक्षा त्याच्या शब्दांत अधिक स्पष्टपणे सापडते.

सनाढ्यांचा जन्म फिरोजाबादजवळच्या हिरनगाव ह्या खेड्यात १८७६ साली झाला. वडील लवकर वारले, घरावर कर्ज होते, आणि १८९३ मध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा कामाच्या शोधात प्रयागला पोहोचला. तेथे कोतवालीजवळ त्याला एक गोडबोल्या मनुष्य भेटला. त्याने चांगली नोकरी देऊ केली व एका घरात नेले. तेथे आधीच अनेक स्त्रीपुरुष बसलेले होते. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर नोंदणी, कलकत्त्याचा डेपो, जहाज, आणि फिजीत पाच वर्षांचा करार. करार संपल्यावर सनाढ्य तेथेच राहिले, पौरोहित्य करू लागले आणि मजुरांची गाऱ्हाणी वेशीवर टांगू लागले. फिजीतील हिंदी लोकांसाठी एखादा वकील धाडावा म्हणून गांधीजींकडे जो पत्रव्यवहार झाला, त्यातही त्यांचा हात होता. १९१२ मध्ये मणिलाल डॉक्टर तेथे गेले ते त्याचे फळ. १९१४ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांची गाठ बनारसीदास चतुर्वेदी ह्यांच्याशी पडली आणि तोंडी सांगितलेल्या हकीकतीचे पुस्तक झाले.

ह्या विषयावरील इतिहासलेखनात एक वाद फार दिवस चालू आहे. ह्यू टिंकर ह्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात करारबद्ध मजुरी ही गुलामगिरीचीच नवी आवृत्ती ठरविली. त्याउलट ब्रिज लाल ह्यांनी १९८३ च्या आपल्या अभ्यासात, कलकत्त्याहून फिजीस गेलेल्या उत्तर हिंदुस्थानी मजुरांचे ४५,४३९ प्रवासी परवाने तपासून असे दाखविले की, हे लोक सर्व जातींतून आणि विस्तृत प्रदेशातून आले होते, त्यांच्यापैकी अनेकांनी आपला गाव व जिल्हा आधीच सोडलेला होता, आणि त्या सर्वांना भोळे, फसलेले जीव समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. लाल स्वतः गिरमिटियाचे नातू. त्यामुळे पूर्वजांचे कर्तेपण परत मिळवून देण्याची त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे. शिवाय त्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. स्वतः सनाढ्य हिरनगावात पकडले गेले नाहीत. ते प्रयागला, म्हणजे वाटेवर, सापडले. घर सुटलेले आणि ठिकाण अद्याप न लाभलेले अशा अवस्थेतील मनुष्य हाच ह्या व्यापाराचा खरा माल होय. गावात त्याला ओळखणारे, अडविणारे, निदान चौकशी करणारे कोणीतरी असते. शहराच्या चौकात त्याचे नाव विचारणारा पहिला मनुष्य अर्काटी असतो.

परंतु 'फसले की राजीखुशीने गेले' असा प्रश्न एकदा विचारला, की दोन्ही बाजूंना एक गोष्ट विनातक्रार मान्य करावी लागते. ती अशी की, संमती ही मनातली एक स्थिती आहे. ती तेथे होती किंवा नव्हती, एवढेच काय ते ठरवावयाचे. सनाढ्यांचे कथन ह्याच गृहीताला धक्का देते. त्यांच्या पुस्तकात संमती ही एक भाषिक कृती म्हणून समोर येते. ती ठरावीक जागी, ठरावीक माणसासमोर, एकाच शब्दात उरकली जाते.

नोंदणीचा प्रसंग ह्या दृष्टीने वाचावा. १८८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार नोंदणी अधिकाऱ्याने प्रत्येक मजुराला विचारून, कराराचे स्वरूप त्याला समजले आहे आणि तो स्वेच्छेने जात आहे, अशी खात्री करून घेणे आवश्यक होते. सनाढ्य सांगतात ते असे की, मॅजिस्ट्रेटकडे नेण्यापूर्वी अर्काटीने सर्वांना पढवून ठेवले : साहेब जे विचारील त्याला 'हाँ' म्हणावे, नाही म्हणाल तर खटला होईल आणि तुरुंगात जाल. मग एकेकाला पुढे करण्यात आले, फिजीला जाण्यास राजी आहेस काय असे विचारण्यात आले, आणि एकेकाने होकार दिला. फिजी कोठे आहे, तेथे काम कोणते, त्यात कसूर झाली तर शिक्षा काय, ह्यांपैकी काहीही सांगितले गेले नाही. सनाढ्यांच्या म्हणण्याप्रमाणे वीस मिनिटांत १६५ माणसांची नोंदणी आटोपली. म्हणजे दर माणशी सुमारे सात सेकंद. एवढ्या वेळात प्रश्न, उत्तर आणि पुढच्याला हाक एवढेच बसते; मधल्या 'समजावून सांगण्या'ला जागाच उरत नाही.

काही उच्चार वर्णन करीत नाहीत, कृती करतात, हे जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानमालेत दाखवून दिले. विवाहविधीत 'हो' म्हणणारा मनुष्य आपल्या मनाची बातमी देत नाही, तो विवाह करतो. अशी कृती सफल होण्यास मात्र काही अटी असतात : प्रघात मान्य असला पाहिजे, माणसे योग्य असली पाहिजेत, विधी पूर्ण झाला पाहिजे. प्रयागच्या कचेरीत बाहेरून पाहता ह्या सर्व अटी पाळल्या गेल्या. अधिकारी खरा होता, प्रश्न कायद्यातलाच होता, उत्तर स्पष्ट होते. उणीव होती ती एवढीच की, विचारणाऱ्याचा 'राजी' आणि सांगणाऱ्याचा 'हाँ' हे एकाच संभाषणातले शब्द नव्हते. साहेबाचा प्रश्न कराराविषयी होता. मजुराचे उत्तर अर्काटीला होते. त्याच्या धमकीला, त्याने खाऊ घातलेल्या तीन दिवसांच्या अन्नाला, आणि परतण्याचे तोंड उरले नाही ह्या जाणिवेला. कचेरीने दोन संभाषणांतील दोन तुकडे जोडून एक वाक्य तयार केले आणि ते दप्तरात नोंदविले. ह्याला खोटे बोलणे म्हणता येत नाही, आणि नेमकी तीच ह्या सापळ्याची ताकद आहे. कोणीच उघड खोटे बोलले नाही तरी मनुष्य बांधला गेला.

पुढे कलकत्त्याच्या डेपोत सनाढ्यांनी फिजीस जाण्याचे नाकारले. तेव्हा त्यांना एक दिवस व रात्र उपाशी कोंडून ठेवण्यात आले. अखेर त्यांनी मान तुकविली. हा प्रसंग अत्याचाराचा पुरावा म्हणून नेहमी उद्धृत होतो. परंतु पुस्तकाच्या रचनेत तो नोंदणीनंतर येतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बळ आधी वापरलेले नाही. शब्द घेऊन झाल्यावर, तो शब्द मोडू नये म्हणून वापरले आहे. कोंडणाऱ्याच्या दृष्टीने तो जुलूम नव्हताच, दिलेल्या वचनाची अंमलबजावणी होती.

लाल ह्यांनी तपासलेल्या परवान्यांची भाषाही ह्या संदर्भात पाहण्यासारखी आहे. परवान्यावर मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खूण ह्यांची नोंद असे. (ब्राह्मण कष्टाच्या कामास निरुपयोगी ठरत, म्हणून अशा मजुराची जात पुष्कळदा बदलून लिहिली जाई.) खाली अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रे : ह्या मनुष्याने मोलाने काम करण्यासाठी जाण्याची इच्छा व्यक्त केली आहे, आणि त्याला सर्व बाबी समजावून सांगितल्या आहेत. इच्छा मजुराची, वाक्य मात्र तृतीय पुरुषी, आणि सही दुसऱ्याची. जात, वय, जिल्हा ह्यांच्या अभ्यासासाठी हे परवाने अमोल आहेत आणि त्यांवर आधारलेले लाल ह्यांचे निष्कर्ष भक्कम आहेत. संमतीच्या बाबतीत मात्र ह्या कागदांची साक्ष घेणे म्हणजे सावकाराच्या वहीवरून कुळाचे समाधान मोजणे होय.

आता प्रत्यक्ष कराराच्या अटींकडे वळले पाहिजे. मजूर भरती करणाऱ्याला ज्या अटी देऊ करण्याचा अधिकार होता, त्यांचा छापील कागद इंग्रजीत व देशी भाषांत निघत असे. पाच वर्षे नोकरी. शेतीचे किंवा शेतमालापासून पक्का माल बनविण्याचे काम. रोज नऊ तास, शनिवारी पाच. पुरुषास दिवसा एक शिलिंग म्हणजे बारा आणे, स्त्रीस नऊ पेन्स म्हणजे नऊ आणे. पहिले सहा महिने शिधा मालकाकडून, त्याबद्दल रोज चार पेन्स म्हणजे सुमारे चार आणे कपात. दहा वर्षांनंतर परतीचा प्रवास फुकट. ह्या कागदात असत्य असे जवळजवळ काही नाही. तरीही तो वाचणाऱ्याला, किंवा खरे म्हणजे ऐकणाऱ्याला, पूर्णपणे चकवितो. कसा, ते पाहावे.

'बारा आणे' हा शब्द उत्तर हिंदुस्थानातील शेतमजुराच्या कानावर पडला, की त्याचे मोल तो आपल्या गावच्या बाजारभावाने करी. आणि गावात दिवसाकाठी दोन-तीन आणे मिळविणाऱ्याला तो आकडा राजाच्या पगारासारखा वाटे. फिजीतील धान्याचा भाव कागदावर नव्हता. नाणे तेच असले तरी शब्दाचा अर्थ समुद्रापलीकडे निम्म्याहून खाली उतरत होता. दुसरे असे की, मजुरी 'दिवसाची' नसून नेमून दिलेल्या कामाची होती. ऊस खणण्याचा, निंदण्याचा जो तुकडा सकाळी आखून दिला जाई, तो पुरा झाला तरच शिलिंग. तुकडा किती मोठा आखावयाचा हे मुकादम व गोरा देखरेखदार ठरवीत. 'शेतीचे काम' हा शब्दप्रयोग तर अधिकच कपटी म्हणावा लागेल; कारण ऐकणारा शेतकरी होता आणि शेतीचे काम म्हणजे काय हे आपल्याला कळते अशी त्याची खात्री होती. ज्या शब्दाचा अर्थ विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही, तोच शब्द फसविण्यास सर्वांत सोयीचा असतो.

ह्याहून मोठी गोष्ट कागदावर नव्हती. करारातील कसूर हा फिजीच्या कायद्याने फौजदारी गुन्हा होता. गैरहजेरी, काम अपुरे राहणे, मळा सोडून जाणे ह्यांसाठी दंड किंवा तुरुंगवास होई, आणि बुडालेले दिवस कराराच्या मुदतीत वाढविले जाऊ शकत. सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन हे १९१५ मध्ये फिजीस जाऊन आले. १९१६ च्या आपल्या अहवालात त्यांनी ह्या मौनावर बोट ठेवले : जी अट माहीत असती तर बहुतेक मजूर गेलेच नसते, नेमकी तीच अटींच्या कागदात नाही. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा कागद म्हणजे एक धडाच आहे. करार हा दोन पक्षांचा असतो. येथे एका पक्षाची सर्व कर्तव्ये क्रियापदांनी सांगितली आहेत आणि त्या क्रियापदांमागचा दंडुका तेवढा झाकून ठेवला आहे.

मजुरांनी स्वतः ह्या सर्व प्रकाराचे नामकरण कसे केले, हा सनाढ्यांच्या पुस्तकातील सर्वांत समृद्ध भाग होय. आणि तो त्यांनी हेतुतः लिहिलेला नाही, तो त्यांच्या शब्दसंग्रहात आपोआप उतरला आहे. इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले. ध्वनिदृष्ट्या ह्यात नवल नाही : आद्य स्वराचा लोप, जोडाक्षर फोडणारी स्वरभक्ती, अनुनासिकाचा ऱ्हास, ही सर्व लोकभाषेची नेहमीची कारागिरी आहे. (मराठीत सुताराच्या भोके पाडण्याच्या हत्याराला 'गिरमिट' म्हणतात. तो शब्द 'गिम्लेट' ह्या दुसऱ्याच इंग्रजी शब्दापासून, वर्णविपर्ययाने आणि 'ल'चा 'र' होऊन आला आहे. दोहोंचा संबंध नाही. परंतु मराठी वाचकाला फिजीचे गिरमिट वाचताना सुताराचे आठवल्यावाचून राहत नाही.) नवल आहे ते अर्थांतरात. 'गिरमिट' म्हणजे कागद राहिला नाही. ती पाच वर्षांची मुदत झाली. शिक्षा जशी 'काटावयाची', तसे गिरमिटही काटावयाचे. आणि ते काटून जो बाहेर पडला तो 'खुला'. बांधलेल्याच्या विरुद्ध खुला. कायद्याने जो शब्द करारासाठी दिला, तो मजुरांनी कैदेच्या शब्दक्षेत्रात नेऊन बसविला. ही चूक अडाणीपणाची नव्हे. मूळ कागदातून वगळलेले फौजदारी कलम त्यांनी शब्दाच्या अर्थात परत घातले, असेच म्हणावे लागेल.

भरती करणाऱ्याचे नाव 'अर्काटी'. हा शब्द इंग्रजी 'रिक्रूटर'चा अपभ्रंश मानावा, की अर्काट ह्या स्थळनामाशी जोडावा, ह्याविषयी मतभेद आहेत. व्यवहारात मात्र त्याला शिवीची धार होती. परवानाधारक भरतीवाला वेगळा आणि त्याला माणशी दराने गिऱ्हाईक पुरविणारा बिनपरवाना अर्काटी वेगळा. कायद्याच्या दप्तरात पहिला दिसतो, लोकांच्या तोंडी दुसरा. मळ्यावरच्या गोऱ्या देखरेखदाराला 'कुलंबर' म्हणत. 'कॉल नंबर', म्हणजे नंबर पुकारणारा, अशी त्याची प्रचलित उपपत्ती आहे. ती लोकव्युत्पत्ती असण्याचाही संभव आहे. पण लोकांना ती पटली हे पुरेसे बोलके आहे, कारण मळ्यावर माणसाची ओळख नंबराने होत असे. मजुरांच्या बराकींना 'लाइन' म्हणत आणि तेथील जिण्याला 'नरक'.

द्वीपांची नावे ह्याहून बोधक आहेत. मॉरिशसचे 'मिरिच', सुरिनामचे 'श्रीराम', त्रिनिदादचे 'चिनीदाद'. मसाल्याचा, देवाचा आणि साखरेचा आभास निर्माण करणाऱ्या ह्या नावांचा अर्काट्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. चिनीदादला नुसती साखर चाळावयाची आहे, असे सांगितले जाई. येथे एक विलक्षण योगायोग नोंदविण्यासारखा आहे. बंगाल इलाख्यातून होणाऱ्या ह्या स्थलांतरावर १८८३ मध्ये ज्यांनी सरकारसाठी अहवाल लिहिला ते अधिकारी म्हणजे जॉर्ज ग्रिअर्सन; पुढे भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाने ज्यांचे नाव अजरामर झाले तेच. खेडोपाडीच्या बोलीचा एवढा मर्मज्ञ जाणकार त्या काळी दुसरा नसेल. तरीही ग्रिअर्सन ह्यांचा एकंदर कल स्थलांतरास उत्तेजन देण्याकडेच राहिला. शब्द ऐकू येणे आणि त्या शब्दाने बांधला गेलेला मनुष्य दिसणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ह्याचे भाषाशास्त्राच्या इतिहासातील हे एक अप्रिय उदाहरण होय.

सनाढ्यांच्या पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याचा लेखणीकार वेगळा आहे, आणि ते जाणवते. चतुर्वेदींची खडीबोली सुबक, सभ्य आणि वर्तमानपत्री आहे; ज्या बोलीत सतरा वर्षांचा मुलगा अर्काटीशी बोलला असेल, तिचा मागमूस वाक्यरचनेत राहिलेला नाही. आरंभीच्या प्रकरणांत 'मी' ठळक आहे. नंतर तो मागे सरतो आणि फिजीची माहिती, कायदे, अर्ज, सूचना ह्यांची गर्दी होते. अर्थात हा दोष प्रयोजनातून आला आहे. एका माणसाचे दुःख ही कहाणी ठरते, हजारोंच्या दुःखाचीच दखल सरकार घेते. आणि १८७९ ते १९१६ ह्या काळात साठ हजारांवर माणसे फिजीस नेली गेली होती. त्यामुळे लेखकाने स्वतःला साक्षीदारापुरते उरविले. परंतु ह्या देवघेवीत सापळ्याचा जो आतला भाग, म्हणजे रोजचे एकाकीपण, तो बाहेर राहिला.

कुंतीच्या प्रकरणात ही गोष्ट विशेष लक्षात येते. गोरखपूर भागातून गेलेल्या ह्या मजूर स्त्रीला १९१२ मध्ये केळीच्या दूरच्या शेतात एकटीला कामावर धाडले गेले, देखरेखदाराने तिच्यावर हात टाकला, आणि तिने सुटका करून घेऊन नदीत उडी टाकली. तिची जबानी कलकत्त्याच्या 'भारत मित्र'त आली, देशभर संताप उसळला आणि हिंदुस्थान सरकारला चौकशी मागवावी लागली. फिजीच्या अधिकाऱ्यांनी उत्तर दिले ते बाई खोटे बोलते असे. नोंदणीच्या वेळी ज्यांच्या एका 'हाँ'वर सर्व यंत्रणेचा अढळ विश्वास होता, त्यांनी उच्चारलेले पहिले सविस्तर वाक्य अविश्वसनीय ठरले. सनाढ्य हे प्रकरण मांडतात ते राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न म्हणून. कुंतीचे बोलणे आणि नोंदणीच्या कचेरीतला तो होकार ह्यांची सांगड ते घालीत नाहीत. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेल्याच पाहिजेत ह्या नियमामुळे स्त्रियांच्या भरतीला चढा दर मिळे, ही बाबही पुस्तकात तिला मिळावी तेवढी जागा मिळवीत नाही.

वगळलेला आतला भाग सनाढ्यांच्याच दुसऱ्या लेखनात आहे. 'भूतलेन की कथा' ह्या नावाचे हे छोटे टिपण पुस्तकात आले नाही. जॉन केली व उत्तरा कुमारी सिंग ह्यांनी १९९१ मध्ये मूळ आत्मकथनासह त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. भुताटकीची म्हणून ओस टाकलेली बराक, अपुरा शिधा, आठवडा संपण्याआधीच येणारी उपासमार, आत्महत्येचा विचार, आणि अनपेक्षितपणे बेटावरील मूळ रहिवाशांकडून मिळालेले अन्न : एवढाच ऐवज. वाङ्मयीन गुण पाहता हे टिपण पुस्तकापेक्षा निःसंशय सरस आहे. येथे कोणाला काही सिद्ध करून दाखवावयाचे नाही, म्हणून वाक्ये आखूड आणि उघडी आहेत. पाच वर्षांचा करार अक्षरशः पाच-पाच दिवसांच्या शिध्यात कसा मोजला जातो, हे त्यात कळते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मॉरिशसला १८३४ पासून जे मजूर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. मध्यवर्ती विधिमंडळात १९१२ च्या मार्चमध्ये ह्या पद्धतीच्या बंदीचा ठराव मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी. सरकारी मताधिक्याने तो फेटाळला गेला. पुढे १९१६ मध्ये मालवीयांचा ठराव स्वीकारला गेला आणि फिजीतील उरलेले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले. गोखल्यांच्या युक्तिवादाचे सार असे की, ही पद्धत फसवणुकीने सुरू होते आणि बळाने टिकते. विधान अचूक आहे. फसवणूक आणि बळ ह्यांना जोडणारा सांधा कोणता, हे मात्र सनाढ्यांच्या नोंदणीच्या प्रसंगातच दिसते.

हा सांधा उसाच्याच शेतात, पण घराजवळ, पाहावयाचा असेल, तर ऊसतोडणीच्या मराठी परिभाषेकडे वळावे. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून दर हंगामात मजूर पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो. तिला म्हणतात 'उचल'. व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द फार सूचक आहे. देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते कर्ज आहे. परंतु शब्द बनला आहे तो घेणाऱ्याच्या क्रियेवरून. उचलणारा मजूर, देणारा शब्दातून नाहीसा. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', एकटा मनुष्य म्हणजे 'अर्धा कोयता'. नंबराऐवजी येथे हत्यार माणसाचे नाव झाले. कामाचा दिवस बुडाला तर 'खाडा', आणि त्याबद्दल रक्कम कापली जाते. हंगाम संपूनही उचल फिटली नाही तर उरते ती 'बाकी', आणि बाकी पुढच्या हंगामाचा होकार आदल्या वर्षीच देऊन टाकते. फिजीतल्यासारखे फौजदारी कलम येथे नाही हा फरक महत्त्वाचा आहे. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्यास मॅजिस्ट्रेटकरवी कामावर जुंपण्याची सोय असलेला १८५९ चा कायदा १९२५ मध्येच रद्द झाला, आणि १९७६ च्या कायद्याने कर्जापोटीची बांधीलकी बेकायदा ठरली. तरी कलमाचे काम बाकी करू शकते. 'वेठबिगार' हा आपला रूढ शब्दही येथे अपुरा पडतो. त्यातली वेठ संस्कृत 'विष्टि'पासून आली, बिगार फारसीतून; दोहोंचा रोख बिनमोल, सक्तीच्या कामावर आहे. ज्याला मजुरी मिळते, किंबहुना आगाऊ मिळते, तो बिगारी कसा, असे विचारणाऱ्याला १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : दारिद्र्याची निकड हीदेखील सक्तीच, आणि किमान वेतनाहून कमी मोलावर घेतलेले काम घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाखाली वेठीचेच काम होय.

मानवी अपव्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय मसुद्यात २००० साली, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, अशा व्यवहारात बळी ठरलेल्याची संमती गैरलागू ठरविली आहे. कायद्याने हे मान्य करण्यास सनाढ्यांच्या पुस्तकानंतर जवळजवळ नव्वद वर्षे गेली. कागदांची भाषा मात्र जुनीच चालू आहे. मराठी करारनाम्यात दोन पक्षांना 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' म्हणण्याचा प्रघात आहे. मुकादम आणि मजूर ह्यांच्यात जेव्हा उचलीचा कागद होतो, तेव्हा 'लिहून देणार' ठरतो तो मजूर. मजकूर दुसऱ्या कोणी लिहिलेला असतो, आणि 'लिहून देतो की' ह्या प्रथमपुरुषी वाक्याखाली पुष्कळदा अंगठा असतो.